तांबटाच्या गावचा वसंत

महाशिवरात्र झाली की गोंदियाला माझ्या माहेरी पंखे सुरू होतात. आई फोनवर विचारते, "तुमच्याकडे कसं गं?" मी म्हणते, "पहाटे अजून शाल लागते." तिला ते काही केल्या पटत नाही. गोंदिया ते बालाघाट जेमतेम चाळीस किलोमीटर आणि बालाघाटहून मलाजखंड आणखी नव्वदच्या आसपास. एवढ्याशा अंतरात हवा बदलेल कशी, असे तिला वाटते. पण या नव्वद किलोमीटरांत एक घाट आहे, आणि त्या घाटातच सगळी गंमत आहे.

बालाघाट सोडले की पहिल्यांदा लागते भरवेलीची मँगनीजची खाण. पुढे गांगुलपाराचा तलाव आणि धबधबा. तिथून रस्ता वळणे घेत बैहरच्या पठारावर चढतो. मग उकवा, तिथेही मँगनीजच. त्यानंतर बैहर, आणि बैहरपासून वीस-बावीस किलोमीटरवर आमचे मलाजखंड. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच. गोंदियाची उंची याच्या निम्मी-शिम्मीच. म्हणून खाली वसंत आला-आला म्हणेस्तोवर उन्हाळा होतो, आणि वर तो चांगला दीड-दोन महिने मुक्काम करतो.

घाट चढताना खिडकीतून एक गोष्ट जरूर बघावी. नागझिरा-नवेगावच्या बाजूचे आपले जंगल सागाचे. माघ-फाल्गुनात सागाची पाने गळून जातात आणि डोंगर उघडेबोडके दिसतात. पठारावर आलो की हळूहळू साल सुरू होतो. इथले लोक त्याला सरई म्हणतात. साल कधी पूर्ण निष्पर्ण होत नाही. जुनी पाने गळत असतानाच नवी फुटतात आणि त्याच सुमारास फिकट पिवळसर मोहोर येतो. त्यामुळे मार्चमध्ये, सगळीकडे पाचोळा करकरत असताना, सालाचे वन मात्र नुकतेच न्हाऊन आल्यासारखे पोपटी दिसते. सागाचा प्रदेश संपून सालाचा सुरू होण्याची ही सीमा आपल्या दारातच आहे. गोंदियाच्या माणसाला ती पाहायला एक दिवसाची सहल पुरते.

बालाघाट जिल्ह्याचे नाव अनेक वर्षे नक्षलवादाच्या बातम्यांतूनच आपल्या वाचनात आले. त्यामुळे 'तिकडे कशाला जायचं?' हा प्रश्न अजूनही पाहुण्यांच्या तोंडी असतो. त्याचे उत्तर म्हणूनच हा लेख.

मलाजखंड म्हणजे तांबे, हे शाळेतल्या भूगोलात सर्वांनी वाचलेले असते. हिंदुस्थान कॉपर लिमिटेड ही सरकारी कंपनी १९६७ साली स्थापन झाली आणि मलाजखंडचा प्रकल्प १९८२ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. देशातली तांब्याची सर्वांत मोठी खुली खाण म्हणून तिची ओळख झाली. डोंगर कापत कापत ती दोनशे मीटरांहून खोल गेली. कडेला पायऱ्या-पायऱ्यांचे कठडे, तळाशी मुंगीएवढे दिसणारे अवाढव्य डंपर. गेल्या काही वर्षांत काम भूमिगत खाणीकडे वळले आहे. इथल्या दगडात तांबे असते साधारण एक टक्का. म्हणजे टनभर दगड फोडावा तेव्हा दहा-बारा किलो तांबे हाती येते. आपल्या देवघरातला तांब्या, घरातली वायर, पंख्याची मोटर यांच्यामागे किती डोंगर आहे, याचा हिशेब इथे राहिल्यावर कळतो.

या खाणीमुळेच विदर्भातली कितीतरी घरे इथे आली. आमचे त्यांपैकी एक. यजमान खाणीत, म्हणून आम्ही कॉलनीत. शेजारी एकीकडे ओडिशाचे, दुसरीकडे बिहारचे, समोर छत्तीसगढचे. मुलांची शाळा हिंदीत, बाजार हिंदीत आणि मराठी आपली स्वयंपाकघरात. पण वसंताला भाषा लागत नाही. तो सगळ्यांच्या परसात सारखाच येतो.

आमच्या क्वार्टरच्या मागे दोन खाटा मावतील एवढे अंगण आणि त्यापलीकडे परस. त्यात एक आंबा, एक कढीपत्ता, लिंबू, जास्वंद आणि कुंपणाला टेकून वाढलेला शेवगा. जानेवारी-फेब्रुवारीत शेवगा पांढऱ्या फुलांनी लगडतो. फुलांची भाजी बेसन लावून करावी, थोडी फुले शेंगांसाठी ठेवावीत. आंब्याला मोहोर आला की सकाळी दार उघडताच तो आंबटगोड वास घरात शिरतो. मोहोरावर मधमाश्यांची आणि माश्यांची गर्दी होते. त्यांना हाकलायचे नाही, त्यांच्यामुळेच कैरी धरते. मोहोराच्या दिवसांत ढग आले की मात्र पोटात गोळा येतो, कारण एका अवकाळी सरीने सगळा मोहोर काळा पडून झडतो.

आणि याच दिवसांत एके दुपारी तो आवाज सुरू होतो. टुक... टुक... टुक... टुक. एका लयीत, न थकता. जणू कुणी दूरवर बसून पत्र्यावर छोटी हातोडी मारत आहे. हा तांबट पक्षी. तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटाच्या हातोडीसारखा आवाज, म्हणून मराठीत त्याचे नाव तांबट. तांब्याच्या गावात तांबट! मला तर हा योगायोग फार आवडतो. हा आवाज नाशिक-पुण्याच्या तांबट आळीत राहिलेल्यांना लगेच ओळखू येईल. इथे तांबे काढणारे आहेत, पण ते ठोकणारा हा एकटाच.

हिवाळाभर तो जवळजवळ गप्प असतो. ऊन तापू लागले की त्याला कंठ फुटतो. आकाराने चिमणीहून थोडा मोठा, अंग हिरवे, कपाळ आणि छातीवर लालभडक टिळा, डोळ्यांभोवती आणि गळ्याला पिवळा रंग. एवढा रंगीत असून पानांत बसला तर सापडत नाही. शिवाय ओरडताना मान इकडेतिकडे वळवतो, त्यामुळे आवाज कधी या झाडातून तर कधी त्या झाडातून आल्यासारखा वाटतो. मुलांना हा शोधायला लावावे. अर्धा तास निवांत जातो आणि टीव्हीची आठवणही होत नाही. वड, पिंपळ, उंबराची फळे हे त्याचे खाणे. ही झाडे जवळपास असतील तर तो हमखास येतो.

घरटे करायला त्याला हवी असते वाळलेली, मऊ लाकडाची फांदी. तिच्या खालच्या बाजूला चोचीने कोरून तो रुपयाच्या नाण्याएवढे गोल भोक पाडतो. आमच्या शेवग्याची एक फांदी वाळली तेव्हा यजमान कोयता घेऊन निघालेच होते. मी म्हटले, राहू द्या, कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नाही. दोन वर्षे काही झाले नाही. तिसऱ्या वर्षी फाल्गुनात फांदीखाली लाकडाचा बारीक भुसा दिसला, आणि वर पाहिले तर भोकातून लाल टिळा डोकावत होता. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात आणि पिलांना भरवतात. वाळकी फांदी दिसली की कोयता काढायची आपली सवय असते. पण झाडाचा जो भाग आपल्या लेखी मेला, तोच दुसऱ्याचे घर असतो.

परसातून बाहेर पडायचे असेल तर फाल्गुनातली सकाळ धरावी. कॉलनी संपून शेतांची हद्द लागली की बांधाबांधावर पळस. एक पान नाही आणि झाड नुसते केशरी पेटलेले. 'पळसाला पाने तीनच' ही म्हण आपण उठसूट वापरतो, पण पळसाचे सगळे वैभव पाने नसतानाचेच. फुलांची चोच वाकडी, आत मधाचा थेंब. त्यासाठी साळुंक्या, बुलबुल, शिंजीर यांची सकाळपासून भांडणे चालतात आणि त्या भांडणांतूनच परागीभवन होते. झाडाखाली पडलेली फुले पिशवीत भरून आणावी, रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी उकळून गाळावी. होळीचा रंग तयार. पिवळा-केशरी, अंगाला न चावणारा. चिमूटभर खायचा चुना टाकला की रंग आणखी गडद होतो. मुलांना हा जादूचा प्रयोग वाटतो.

पळसाच्या जोडीला काटेसावर. तिची मोठी मांसल लाल फुले धप्पकन खाली पडतात. जंगलात ती खायला चितळ येतात, गावात शेळ्या. थोडे पुढे डोंगराच्या बाजूला गेलात तर एक झाड बघून थबकाल. लांबून वाटते, याला लाल फुले आली आहेत. जवळ जावे तर फूल एकही नाही, ती पालवी असते! हा कुसुंब. त्याची कोवळी पाने इतकी लाल असतात की नवे तांब्याचे भांडे चिंचेने घासून उन्हात ठेवावे. मोहाची पालवीही तांबूसच. कोवळ्या पानाला उन्हाचा तडाखा सोसत नाही, म्हणून हिरवा रंग भरेपर्यंत हे तांबडे रंगद्रव्य त्याला सांभाळते, असे अभ्यासक सांगतात. खाणीतल्या तांब्याची गंमत अगदी उलटी. खनिज असते पितळेसारखे पिवळे, आणि हवापाणी लागून ते हिरवे होते. पान आणि दगड, दोघेही तांबूस-पिवळ्याकडून हिरव्याकडे जातात. एकाला पंधरा दिवस लागतात, दुसऱ्याला युगे.

मलाजखंडचा खरा वसंत मात्र मोहाखाली असतो. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोहाची फुले गळतात. रात्री उमलतात आणि पहाटेपासून टपटप पडू लागतात. मोत्यासारखी फिकट, रसाने भरलेली. त्या वासाला चांगला म्हणावे की उग्र, हे मला एवढ्या वर्षांत ठरवता आलेले नाही. आसपासच्या गोंड आणि बैगा वस्त्यांतली घरेच्या घरे टोपल्या घेऊन निघतात. गावात कोणते झाड कोणाचे, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. दुसऱ्याच्या मोहाखालचे फूल कुणी उचलत नाही. फुले अंगणात वाळवली की मनुकांसारखी होतात. काही घरी खायला, काही विकायला, काहींची दारू. नंतर फळे येतात, त्यांच्या बियांचे तेल काढतात. धान संपत आलेले असते आणि पाऊस दूर असतो, त्या दिवसांत घरात पैसा येतो तो मोहाचा आणि त्यामागोमाग तेंदूपत्त्याचा.

बैगांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. व्हेरिअर एल्विन यांनी या भागात राहून लिहिलेला 'द बैगा' हा ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. नांगराने धरतीमातेची छाती फाडायची नाही, म्हणून नांगर न धरणारे लोक, असे त्यांचे वर्णन सगळीकडे येते. आज ते शेती करतात, मजुरीला जातात, त्यांची मुले शाळेत येतात. पण झाडपाल्याची त्यांची जाण अजून कुठल्या पुस्तकात पूर्ण उतरलेली नाही.

गेल्या काही वर्षांपासून माझी एका बैगा आजीशी ओळख आहे. कॉलनीच्या बाजारात ती चार विकायला येते. चार म्हणजे ज्याच्या बीतून आपली चारोळी निघते ते आंबटगोड काळे फळ. एका चैत्रात मी आणि शेजारच्या ओडिया वहिनी तिच्यासोबत मोहाखाली गेलो. आम्ही फुले वेचू लागलो, तर तिने आमच्याकडे पाहून हसून मान हलवली. आमचे ताटभर होईतो तिची टोपली भरली होती. तिच्या झाडाखालची जमीन खराट्याने लख्ख झाडलेली. पलीकडच्या उतारावर मात्र काळे पट्टे दिसत होते. वाळलेल्या पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून पुष्कळ जण झाडाखाली आग लावतात. ती आग झाडाखालीच थांबली तर ठीक. वारा आला की ती सरपटत जंगलात शिरते.

मी विचारले, "दाई, तुम्ही नाही का जाळत?"

ती तिच्या बोलीत जे बोलली, ते मराठीत असे: "जाळलं की फूल लवकर सापडतं. पण पोर झाडंही जळतात. हे झाड माझ्या सासऱ्याच्या बापाचं. माझ्या नातवाचं झाड कुठं आहे, ते दाखव बरं मला."

मी आजूबाजूला पाहिले. मोठे मोह पुष्कळ होते, पण माणसाच्या उंचीचा, हाताच्या मनगटाएवढा मोह एकही दिसेना. फुले आपण वेचतो, बिया आपण वेचतो, त्यातून चुकून एखादे रोप उगवलेच तर आग किंवा गुरे त्याला ठेवत नाहीत. मोहाला फुलायला लागायलाच आठ-दहा वर्षे आणि भरघोस फुलायला त्याहून कितीतरी अधिक लागतात. म्हणजे आज जे रोप वाचेल, ते आजच्या पोराच्या संसाराला कामी येईल. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधतात. फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहते, भाव बरा मिळतो आणि आगीची गरज उरत नाही. जाळी नसेल तर जुन्या साड्या जोडूनही काम होते. तेव्हापासून कॉलनीतल्या आम्ही चार-पाच जणी घरातल्या फाटक्या साड्या गाठोडे करून तिच्या वस्तीवर देतो. फार मोठे काम नाही. पण बोहारणीला देऊन एखादे पातेले घेण्यापेक्षा ते बरे वाटते.

सुटीत पाहुणे आले की आम्ही त्यांना कान्हाला नेतो. कान्हा मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे आणि बैहरकडून जाणाऱ्यांना मुक्कीचे प्रवेशद्वार जवळ. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प. सगळ्यांना वाघ हवा असतो. मी मात्र सांगते, आधी बारशिंगा बघा. इथला बारशिंगा दलदलीत नव्हे, कठीण जमिनीवरच्या गवतात राहणारा. १९७० साली तो जगात उरला होता अवघा ६६, आणि तेही इथेच. गवताची कुरणे राखली, काही गावे बाहेर हलवली, कुंपणाच्या आत पैदास केली, तेव्हा कुठे आज त्याची संख्या हजाराच्या घरात पोहोचली आहे. काही जनावरे सातपुड्याच्या जंगलातही नेऊन वाढवली आहेत. त्या यशामागे ज्यांना आपली गावे सोडावी लागली, त्यांचीही आठवण ठेवावी. कुरणात बारशिंग्यांचा कळप उभा असतो, मागे सालाची पोपटी भिंत, आणि पावशा 'पेर्ते व्हा' ओरडत असतो. वाघ दिसला तर नफा समजावा.

तोवर पाडवा येतो. कडुनिंबाला फुलोरा आलेलाच असतो, तेव्हा डहाळी शोधायला लांब जावे लागत नाही. आमच्या ओळीत गुढ्या मोजक्याच. पण चैत्रगौरीचे हळदीकुंकू केले की सगळी कॉलनी लोटते. आंब्याची डाळ ओडिया वहिनींना इतकी आवडली की आता त्याच किसायला येतात. कैऱ्या परसातल्या, पन्हे त्यांचेच. समोरच्या छत्तीसगढी ताईंच्या घरी चैत्र नवरात्रात जवारा पेरलेला असतो. टोपलीतले ते पिवळसर कोंब आणि आमची गौर, दोन्ही एकाच ऋतूची पूजा आहे हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

येत्या वर्षी यजमान निवृत्त होत आहेत. क्वार्टर रिकामे करायचे, सामान ट्रकमध्ये भरायचे आणि घाट उतरून गोंदियाला जायचे. कंपनीच्या गावात प्रत्येकाचे हेच असते. पलंग-कपाट नेता येतात, आंबा नेता येत नाही. तो आंबा मुलगी पहिलीत असताना लावला होता. आता तिच्या मुलीने त्याची कैरी मीठ लावून खाल्ली. कित्येक जण म्हणतात, आपले घर नाही तर झाडे कशाला लावायची? मलाही कधीकधी वाटायचे. पण आम्ही राहायला आलो तेव्हा परसातला कढीपत्ता आधीच डोक्याएवढा होता. तो कुणी लावला ते मला माहीत नाही. इतकी वर्षे रोजची फोडणी मात्र मी त्याचीच दिली.

म्हणून यंदा दोन कामे ठरवली आहेत. बैगा आजीच्या वस्तीवर, गुरांचे तोंड पोहोचणार नाही अशा कुंपणात, मोहाची दहा रोपे. बी जूनमध्ये पडते आणि ताजे असतानाच लावावे लागते, तेव्हा ते पावसाच्या तोंडावर. आणि दुसरे, नव्या बिऱ्हाडासाठी स्वयंपाकघराच्या दाराआड एक चिठ्ठी. आंब्याला पाणी केव्हा, लिंबाला खत किती, आणि शेवग्याची वाळकी फांदी कृपा करून तोडू नये, तिथे तांबट राहतो.

वाचकांपैकी कुणाला यायचे असेल तर होळीच्या आगेमागे यावे. बालाघाटहून सकाळी निघा, घाटात थांबा, साल कुठे सुरू होतो ते मुलांना शोधायला सांगा. कान्हाचे आरक्षण आधी करा. खाण परवानगीशिवाय बघता येत नाही. मोहाच्या दिवसांत अस्वलेही फुलांवर येतात, म्हणून जंगलाच्या बाजूला अंधारात आणि एकट्याने जाऊ नका, गावातले कुणी सोबत घ्या. येताना घरातल्या जुन्या सुती साड्या असतील तर घेऊन या. आणि हो, पहाटेसाठी एक शालही.